गाजावाजा न करता सावध : प्रस्तावना

वैयक्तिक सुरक्षिततेच्या तयारीत दोन कामे येतात. संकट येण्याआधी त्याचा विचार करून साधने, सवयी आणि माणसे जोडून ठेवणे हे पहिले. त्या तयारीचा बोभाटा होऊ न देणे हे दुसरे. पहिल्या कामावर पुष्कळ लिहिले गेले आहे, दुसऱ्याकडे फारसे कोणी वळत नाही. पण तयारी दिसली की तिच्यामागे काय राखले आहे तेही दिसते. साध्या घरांच्या गल्लीत एकाच बंगल्याला चार कॅमेरे, काटेरी तार आणि दोन कुत्री असतील तर चोराला चौकशी करावी लागत नाही. रोकड घेऊन बाजार समितीतून निघालेला शेतकरी पिशवी छातीशी घट्ट धरून चालतो, आणि हेरणारा नेमकी तीच पिशवी हेरतो. म्हणून सावध असणे आणि सावध न दिसणे या दोन्ही गोष्टी एकत्रच शिकाव्या लागतात.

या विषयाचा आवाका प्रथमदर्शनी वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. एकट्या नाशिकचा विचार केला तरी घरफोडी, सोनसाखळी चोरी, गोदावरीचा पूर, पर्वणीची गर्दी, महामार्गावरचा रात्रीचा प्रवास, उसाच्या फडातला बिबट्या, फोनवरून होणारी फसवणूक आणि बंद दाराआडची मारहाण हे सारे त्यात येते. प्रत्येक ठिकाणी लपण्याचे आणि दिसण्याचे प्रमाण वेगळे असते. ते ओळखता येणे हाच या विद्येचा गाभा आहे.

जुन्या नाशकात ही विद्या घराच्या बांधणीतच होती. सोमवार पेठेपासून भद्रकालीपर्यंतचे वाडे बाहेरून पाहिले तर कोऱ्या भिंती, उंचावरच्या लहान खिडक्या आणि एक मोठा दरवाजा एवढेच दिसते. श्रीमंती सगळी चौकाच्या आत. मोठ्या दरवाजात माणूस वाकून शिरेल एवढी दिंडी, आतून भिंतीच्या खोबणीत सरकणारा अडसर, मग देवडी, मग वळण. सरळ आत पाहता येऊ नये अशी ती रचना होती. धान्यासाठी बळद आणि पेव, आणि काही वाड्यांत तळघर. गावांना वेस, वेशीवर वेसकर, रात्री फिरणारा जागल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेंढाऱ्यांच्या टोळ्या फिरत होत्या तेव्हा गढीचा आसरा हीच गावाची शेवटची सोय होती. यातला महत्त्वाचा भाग असा की वाड्याची गुप्तता परक्यासाठी होती. आतल्या कोणाला काय कुठे आहे ते माहीत असे, आणि शेजारच्या वाड्यालाही बरेचसे माहीत असे.

ही मर्यादा न पाळता केलेल्या गुप्ततेचे काय होते याचा पुरावा नाशिक जिल्ह्यातच सापडला. गोदावरी आणि दारणेच्या संगमाजवळच्या जोगलटेंभी गावी १९०६ साली जमिनीतून चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. नाणी १३,००० हून अधिक होती. ती क्षहरात राजा नहपानाची, आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. इतिहासकारांना या साठ्यातून सातवाहनांच्या विजयाचा भक्कम पुरावा मिळाला. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा लागतो. ज्याने ही चांदी पुरली त्याचा बेत चोरांपासून बचाव करण्यापुरता पूर्ण यशस्वी झाला. अठराशे वर्षे ती कोणाच्या हाती लागली नाही. ती परत काढायला हक्काचे माणूसही आले नाही. बँकेतल्या लॉकरची किल्ली, विम्याचे कागद, मोबाइलचा पासवर्ड एकट्याच्याच डोक्यात ठेवून गेलेल्या माणसाच्या घरी आजही हेच घडते, फक्त कालावधी कमी असतो.

वाड्याइतकीच दुसरी परंपरा तालमीची. दंड, बैठका, कुस्ती, लाठी, फरी-गदका ही शरीर तयार ठेवण्याची साधने होती. मल्लखांबाचा उद्गम पेशवाईच्या उत्तरार्धातल्या बाळंभटदादा देवधरांशी जोडला जातो, आणि त्यांना ही कल्पना वणीच्या सप्तशृंगी गडावर सुचली असे परंपरा सांगते. विसाव्या शतकात व्यायामशाळांनी या परंपरेला शिस्तबद्ध रूप दिले. १९३७ साली डॉ. बा. शि. मुंजे यांनी नाशकात भोंसला मिलिटरी स्कूल काढले, तेव्हा तालमीची जागा कवायतीने घेतली. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर शाळा-महाविद्यालयांत मुलींसाठी स्वसंरक्षणाची शिबिरे भरू लागली आणि शहरांतल्या पोलिसांची निर्भया पथके आली. शिबिरांचा फायदा आहे, पण तो जाहिरातीत सांगतात तसा नाही. चार दिवसांत शिकलेला डाव प्रत्यक्ष प्रसंगी हाताला येईलच असे नाही. मोठ्याने ओरडण्याची भीड मोडते आणि धोका वाटला तर निघून जाण्यात कमीपणा नाही हे पटते, ही शिबिराची खरी कमाई.

तिसरी परंपरा सरकारी. डिसेंबर १९४६ मध्ये मुंबई प्रांतात होमगार्ड दल उभे राहिले. चीन आणि पाकिस्तानबरोबरच्या युद्धांनंतर १९६८ चा नागरी संरक्षण कायदा आला. १९७१ च्या ब्लॅकआउटमध्ये खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावणारी पिढी अजून आहे. देवळालीचे तोफखाना केंद्र, ओझरचा विमान कारखाना आणि नाशिकरोडचा नोटांचा छापखाना यांमुळे नाशिकचे नाव अशा याद्यांत कायम राहिले. ७ मे २०२५ च्या देशव्यापी सरावासाठी ठरलेल्या ठिकाणांत नाशिकबरोबर सिन्नर आणि मनमाडही होते. भोंगा वाजला की काय करायचे हे त्या दिवशी अनेक घरांनी पहिल्यांदाच विचारले. नागरी संरक्षणाची मूळ कल्पना चांगली आहे. सराव विसरला जातो, हीच तिची जुनी अडचण.

बाहेरच्या जगात या विषयाचे तीन ठळक पंथ झाले. पहिला अमेरिकेतला, १९७० च्या दशकात अणुयुद्ध आणि महागाईच्या भीतीतून फोफावलेला. धान्य, पाणी, बंदुका साठवा आणि जग कोसळले की एकट्याने तग धरा, हे त्याचे सूत्र. गर्दीत कोणाच्या लक्षात न राहणारा करड्या रंगाचा माणूस हा त्याच पंथाचा आवडता आदर्श. महाराष्ट्राला यातले फार थोडे उपयोगी आहे. वर्षाचे धान्य भरण्याची, पापड-कुरडया-लोणच्यांची रीत इथे काटकसर म्हणून आधीपासून होती. आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तळघर खणता येत नाही. शिवाय २६ जुलै २००५ चा मुंबईतला पूर असो की ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, ढिगाऱ्यातून आणि पाण्यातून माणसे प्रथम बाहेर काढली ती आजूबाजूच्यांनीच. एकटा तगणारा वीर तिथे कुठेच नव्हता.

दुसरा पंथ सावधपणाचा. जेफ कूपर या अमेरिकी मरीन दलातल्या माजी अधिकाऱ्याने मनाच्या तयारीला पांढरा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे रंग दिले. पांढरा म्हणजे पूर्ण बेसावध, पिवळा म्हणजे निवांत पण डोळे उघडे. बहुतेक वेळ पिवळ्यात राहावे, एवढेच त्याचे सांगणे. गॅव्हिन द बेकर यांनी १९९७ च्या पुस्तकात पोटातून येणाऱ्या भीतीला मान द्यायला शिकवले. याआधी, १९८१ मध्ये, ग्रेसन आणि स्टाइन या संशोधकांनी रस्त्यावरून चालणाऱ्या लोकांची चित्रफीत तुरुंगातल्या गुन्हेगारांना दाखवली आणि यातले कोण सोपे सावज वाटते असे विचारले. चालण्याच्या ढंगावरून निवड होत होती. दबून, अडखळत, अंग चोरून चालणारा नजरेत भरत होता. लक्ष वेधून न घेणे म्हणजे आक्रसून राहणे नव्हे, हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा असावा.

तिसरा पंथ जागेचा आणि शेजाराचा. जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये लिहिले की रस्ता सुरक्षित ठेवतात ते त्याच्यावर असलेले डोळे. दुकानदार, गॅलरीत बसलेली आजी, वर्तमानपत्र टाकणारा पोऱ्या. ऑस्कर न्यूमन यांनी १९७२ मध्ये इमारतींच्या रचनेवर तोच विचार पुढे नेला. कोहेन आणि फेल्सन यांनी १९७९ मध्ये गुन्ह्याचे तीन घटक सांगितले: करू पाहणारा, सावज आणि राखणदाराची गैरहजेरी. तिन्ही एका वेळी एका जागी आले की गुन्हा होतो. पहिला घटक सामान्य माणसाच्या हातात नाही. न दिसण्याची कला दुसऱ्यावर काम करते, शेजार तिसऱ्यावर. नाशिकच्या वाड्यांत हे दोन्ही होते. कॉलेज रोड किंवा इंदिरानगरच्या सोसायट्यांत आडोसा आला आणि शेजार गेला. मॅजिक आय, सेफ्टी दरवाजा, गेटवर नोंदवही सगळे आहे, पण समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहते ते ठाऊक नाही.

प्रत्यक्ष प्रसंग पाहिले की तत्त्वे किती वाकतात ते समजते. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. पुढे २००५ मध्ये मांढरदेवीला आणि २०१७ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन पुलावर हेच घडले. या घटनांत ‘लोक घाबरून पळाले’ असे लिहिण्याची पत्रकारी सवय आहे. गर्दीचे शास्त्र वेगळे सांगते. जॉन फ्रुइन यांनी १९७० च्या दशकापासून दाखवले की एका चौरस मीटरमध्ये सुमारे सात माणसे कोंबली गेली की गर्दी द्रवासारखी वाहू लागते आणि कोणाचाच आपल्या पायांवर ताबा राहत नाही. बहुतेक मृत्यू तुडवले जाऊन होत नाहीत. उभ्या उभ्या छाती दबून श्वास बंद पडतो. त्यामुळे दोन्ही हात मुठी करून छातीपुढे धरणे, रेट्याविरुद्ध न ढकलता लाट थांबली की तिरपे कडेला सरकणे, पडलेली चप्पल उचलायला न वाकणे हे ज्ञान कुठल्याही डावापेक्षा मोलाचे. त्याहून मोलाचे म्हणजे खांदे सगळीकडून लागू लागले की तिथूनच मागे फिरणे. दर्शन चुकल्याची रुखरुख इथे आड येते, हे खरे.

गर्दीत मूल हरवण्याचा प्रश्न या विषयाची सगळी गुंतागुंत एका चिठ्ठीत आणतो. मुलाच्या सदऱ्यावर नाव आणि फोन नंबर लिहून लावला तर मदत करणाऱ्याला तो दिसतो, पण वाईट हेतूच्या माणसालाही मुलाला नावाने हाक मारता येते, आणि नावाने हाक मारणाऱ्याला मूल परके समजत नाही. चिठ्ठी खिशात आत ठेवावी, त्यावर फक्त मोबाइल नंबर असावा, आणि हरवलास तर वर्दीतल्या माणसाला किंवा मुले बरोबर असलेल्या बाईला ती दाखव, असे मुलाकडून दोन-तीनदा म्हणवून घ्यावे. निघण्यापूर्वी मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवावा. घोषणा करताना सदऱ्याचा रंग आठवत नाही.

पुराच्या बाबतीत नाशिककरांची मोजपट्टी सरकारी आकड्यांहून जुनी आहे. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला पाणी लागले अशा भाषेत इथे पूर सांगतात. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये मारुती बुडाला. गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की सराफ बाजार आणि भांडी बाजारातले जुने दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवू लागतात. आरडाओरडा नाही, सूचनेची वाट नाही; पावसाळ्याच्या आधीच खालचे फळीचे कप्पे हलके ठेवलेले असतात. निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या आणि लाल पूररेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची खूण मानतात. घर भाड्याने घेताना नळाला पाणी किती वेळ येते हे सगळे विचारतात, घर कोणत्या रेषेत आहे हे क्वचितच कोणी विचारते.

बिबट्याच्या प्रदेशात सगळा हिशेब उलटा होतो. निफाड आणि गोदाकाठचा उसाचा पट्टा बिबट्याला दडायला आणि पिले वाढवायला सोयीचा आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, दाट मानवी वस्तीतल्या शेतांतच बिबटे कायमचे राहतात असे दिसून आले. रात्रपाळीच्या विजेमुळे पंप चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याने इथे गुपचूप जाणे हाच धोका. विजेरी, मोबाइलवर मोठ्या आवाजात गाणी, काठी आपटत चालणे, वाकून बसणे टाळणे आणि मुलांना अंधार पडल्यावर अंगणात एकटे न सोडणे. जनावराला माणूस आधी कळला तर ते सहसा बाजूला होते.

आगीतही लपलेली सुरक्षितता उलटते. चोराच्या भीतीने गॅलरीपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळीकडे ठोकून बसवलेली लोखंडी ग्रील ही शहरी मध्यमवर्गाची आवडती गुंतवणूक आहे. दारापाशी धूर भरला की हेच घर पिंजरा होते. एका तरी खिडकीची ग्रील आतून उघडणारी असावी, तिची किल्ली बाहेरून हात पोचणार नाही पण अंधारात चाचपडून सापडेल अशा ठरल्या खिळ्यावर असावी, आणि घरातल्या लहानात लहान समजत्या मुलाला ती माहीत असावी. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिकमध्ये खासगी स्लीपर बस ट्रकला धडकून पेटली आणि १२ प्रवासी गेले. त्यानंतर बसमध्ये चढल्यावर संकटकालीन दरवाजा कुठे आहे ते पाहणाऱ्या प्रवाशाकडे पाहून हसण्याचे कारण उरलेले नाही.

फसवणुकीचे प्रकार मात्र थेट गुप्ततेवरच चालतात. सकाळी फिरायला निघालेल्या वृद्धेला दोन धडधाकट तरुण अडवतात. आम्ही पोलीस, पुढच्या चौकात चोरी झाली आहे, मावशी एवढे दागिने घालून कशाला फिरता, काढून रुमालात बांधा, असे आपुलकीने सांगतात. रुमाल तेच बांधून देतात. घरी जाऊन गाठ सोडली की आत खडे निघतात. इथे चोराने सुरक्षिततेचा सल्लाच हत्यार म्हणून वापरलेला असतो. ‘डिजिटल अरेस्ट’ ही त्याच प्रकाराची मोबाइलवरची आवृत्ती. वर्दीतला माणूस व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास बसवून ठेवतो आणि कुटुंबात कोणाला कळू देऊ नका असे बजावतो. भारतीय कायद्यात अशी अटक नाहीच. ‘कोणाला सांगू नका’ हे शब्द अनोळखी माणसाकडून आले की ताबडतोब कोणाला तरी सांगावे. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच कळवले तर ते पुढे सरकण्याआधी रोखले जाण्याची शक्यता राहते.

घरातल्या हिंसेचा विचार या विषयावरच्या बहुतेक पुस्तकांत नसतो, कारण ती पुस्तके दाराबाहेरच्या माणसाला भितात. मारहाण सोसणाऱ्या बाईला तयारी खरोखर लपवावीच लागते. आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले, पासबुक यांच्या प्रती मैत्रिणीकडे, थोडी रोकड, स्वतंत्र खाते, शेजारणीशी ठरलेली खूण. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, संरक्षण अधिकारी, सखी केंद्र आणि १८१ हा मदत क्रमांक ही वाट तिच्यासाठी आहे. घर सोडतानाचा आणि त्यानंतरचा काळ सर्वाधिक धोक्याचा असतो, म्हणून निघण्याचा दिवस भांडणात जाहीर करू नये.

कायदा काय देतो आणि कुठे थांबतो हे माहीत नसेल तर तयारीच अंगाशी येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काविषयी आहेत. गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर बचावाचा दावा टिकत नाही. पळणाऱ्या चोराला गाठून झोडपणे बचाव ठरत नाही, मग जमाव कितीही टाळ्या वाजवो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शहरांत अधूनमधून मनाई आदेश निघतात. त्या काळात लाठी, सुरा किंवा इजा करता येईल अशी वस्तू बाळगणे हाच गुन्हा होतो. ‘स्वसंरक्षणासाठी’ गाडीच्या सीटखाली ठेवलेला रॉड नाकाबंदीत सापडला तर त्याची कैफियत ऐकायला कोणी बसलेले नसते. दुसरीकडे, गुन्हा कुठेही घडला असला तरी जवळच्या ठाण्यात तक्रार नोंदवता येते, आणि ११२ हा एकच क्रमांक पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिकेपर्यंत पोचवतो. ही माहिती रॉडपेक्षा हलकी आहे.

आत्ताच या विषयावर पुस्तक यावे याला नाशिकपुरते कारण उघड आहे. जाहीर झालेल्या कार्यक्रमाप्रमाणे सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. लाखोंच्या संख्येने परके लोक शहरात येतील. घरे भाड्याने जातील, तात्पुरते कामगार येतील, रस्ते वळवले जातील. अशा वेळी शहर घाबरट होते किंवा बेफिकीर. दुसरे कारण नाशिकपुरते नाही. सहलीचे फोटो तिथूनच टाकून घर रिकामे असल्याची दवंडी पिटणारी आणि त्याच वेळी कुलपावर दहा हजार खर्च करणारी सवय आता सगळ्या गावांत पोचली आहे.

हे पुस्तक त्यासाठी कोणताही पंथ पूर्ण स्वीकारत नाही. वाड्याकडून परक्यासाठी बंद आणि आपल्यांसाठी उघडी असलेली रचना, तालमीकडून शरीराची सवय, नागरी संरक्षणाकडून सराव आणि शेजाराच्या पंथाकडून माणसे एवढे घेऊन ते पुढे जाते. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला आहे: ही गोष्ट कोणाला कळू नये आणि कोणाला कळलीच पाहिजे? पहिल्या यादीत नावे पुष्कळ येतात. दुसऱ्या यादीत किमान दोन असावीत आणि त्यांतले एक घराबाहेरचे असावे, असा पुस्तकाचा आग्रह आहे. एकटे राहणारे ज्येष्ठ, वसतिगृहातल्या मुली, मळ्यात वस्ती करणारी कुटुंबे आणि रात्रपाळीचे अंबड-सातपूरचे कामगार यांना डोळ्यांपुढे ठेवून उदाहरणे निवडली आहेत. महाग उपकरणांची शिफारस कुठेही केलेली नाही. शिट्टी, विजेरी, प्रथमोपचाराची पेटी, कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी यांपलीकडे खरेदी फारशी नाही.

शस्त्रपरवान्याची प्रक्रिया, खासगी सुरक्षा संस्था आणि उद्योगांच्या सुरक्षेचा भाग जाणूनबुजून बाहेर ठेवला आहे. हातापायांचे डाव चित्रांवरून शिकता येत नाहीत, म्हणून तेही नाहीत. गर्दीविषयीचा भाग सिंहस्थाच्या मार्गांवर बेतलेला असल्याने प्रशासनाने वाटा बदलल्या की त्याचे तपशील जुने होतील. नकाशापेक्षा त्या वेळी जाहीर होणाऱ्या सूचना प्रमाण मानाव्यात. कायद्याची कलमे नव्या संहितांप्रमाणे दिली आहेत. जुन्या क्रमांकांची सवय असलेल्या वाचकांसाठी, भारतीय दंड संहितेत हाच भाग कलम ९६ ते १०६ मध्ये होता.